इंजिन गार होईपर्यंत

मुरलीधर साळवे याने मला फसवले. एकदा नाही, आठ-नऊ वर्षे सतत. गेलेल्या माणसाविषयी असे लिहू नये हे मला कळते. पण माझे सगळे आयुष्य बाजारात गेले आणि ज्याने फसवले त्याचे नाव चारचौघांत घ्यायचे, ही माझी रीत आहे. मित्र मेला म्हणून ती बदलणार नाही.

त्याला जाऊन दीड महिना झाला. त्या दिवशी सकाळी मी गाळ्यावर टोमॅटोच्या भावावरून कुणाशी तरी भांडत होतो. आमच्या बागेशेजारचा शेतकरी सायकल टाकून धावत आला. म्हणाला, "शेठ, साळवेसाहेब गेले. बागेतच. दगडावर बसल्या बसल्या." माझ्या तोंडून पहिले शब्द निघाले ते असे : "इंजिन बंद केलं का?" तो चपापला. मग हळूच म्हणाला, "नाय... चालूच हाय." आम्ही सामनगावच्या रस्त्याने बागेत पोचलो तेव्हाही ते द्राक्षांच्या ओळीच्या टोकाला धडधडत होते. कुणाला ते बंद करता येत नव्हते. मी पुढे होऊन बंद केले. त्यानंतर बागेत जी शांतता झाली तिच्यापेक्षा ती धडधड बरी होती.

साळवे नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या पॉवर हाऊसमध्ये स्टोअरकीपर होता. मी नांदगावकडून नेसत्या कपड्यांनिशी आलेला. आधी बैलबाजारात दलाली केली, मग भाजीचा गाळा घेतला. आमची ओळख बाजारातलीच. तो वांगी घ्यायला यायचा आणि मी सांगेन तो भाव मुकाट्याने द्यायचा. एके दिवशी मलाच राहवले नाही. "अहो, घासाघीस करा की जरा! अशानं घर कसं चालायचं?" तो म्हणाला, "तुम्ही शिकवा, दलालसाहेब." तेव्हापासून मी त्याला शिकवू लागलो आणि तो मला मरेपर्यंत दलालसाहेबच म्हणत राहिला. पुढे दोघांनी मिळून तो दोन एकरांचा तुकडा घेतला. अर्ध्यात द्राक्षे लावली, अर्ध्यात मेथी-कोथिंबीर. सकाळी मी बाजारात अडकलेला, त्याची ड्यूटी दुपारची. म्हणून बाग तो बघायचा आणि विक्री मी. बाजार उरकला की, तो ड्यूटीला निघण्याआधी, मी बागेत एक चक्कर टाकायचो.

सुरुवातीला बैलजोडी घेतली. त्या वेळी मी त्याला बाजाराचा पहिला नियम सांगितला : जो बैल हवा त्याला नावे ठेवायची, आणि आपण कसे दुबळे आहोत, आपल्याला तो कसा परवडायचा नाही, हे रडून सांगायचे. साळव्याने तिथे असे काही सोंग आणले की मीच चाट पडलो. तांबड्या बैलापुढे उभा राहून म्हणाला, "एवढ्या थोराड जनावराला आवरायचं कसं हो? माझ्या मनगटात जोर नाही, छातीत दम नाही." बैलवाल्याला त्याची दया आली आणि तो भावात उतरला. येताना आम्ही रस्ताभर हसत होतो.

वेली मोठ्या झाल्या तसे बैल ओळींत मावेनात. वळताना खांद्याने काड्या मोडायचे. आणीबाणी उठली त्या सुमारास पॉवर टिलर, म्हणजे मागे चालत दांड्या धरून चालवायचे मशागतीचे यंत्र, घ्यायचे ठरले. नाशकात एका दुकानात दोन यंत्रे शेजारी शेजारी ठेवलेली होती. एक लहान, रॉकेलवर चालणारे, एका हाताने वळेल असे. दुसरे डिझेलचे, दणकट, वर पाण्याची टाकी असलेले, हँडल मारून सुरू करायचे. मला पाहताक्षणी डिझेलचे आवडले. लोखंड होते त्यात, पैशाला वजन होते. मी अर्थातच तोंड फिरवून लहान यंत्राकडे बघत राहिलो.

साळवे मोठ्या यंत्राच्या दांड्या धरून उभा राहिला. उचलून पाहिल्या, खाली ठेवल्या. मग म्हणाला, "हे नको. ओळीच्या टोकाला हे मला वळवता यायचं नाही. माझ्या छातीत दम नाही."

मी मनात म्हटले, शाब्बास! अगदी बैलबाजारातले वाक्य. म्हणजे यालाही हेच हवे आहे. मी धागा उचलला. दुकानदाराला म्हणालो, "ऐकलंत ना? चालवणारा माणूस हा असा. तुमचं हे धूड कोण घेणार?" दुकानदार थोडा उतरला. साळवे पुन्हा म्हणाला, "खरंच झेपायचं नाही मला. ते लहान घेऊ." मी दुकानदाराच्या नकळत त्याच्या पायावर पाय दिला. चालू दे, असे सांगायला. त्याने माझ्याकडे पाहिले. बराच वेळ पाहिले... मी डोळा मारला. मग तो हसला आणि यंत्रापासून बाजूला झाला. दुकानदार आणखी उतरला आणि मी सौदा पक्का केला. बाहेर आल्यावर मी त्याच्या पाठीत थाप मारून म्हणालो, "मास्तर झालास की रे!" तो म्हणाला, "गुरूच तसा मिळाला."

एवढेच म्हणाला. त्या क्षणी रस्त्यात मला थांबवून "अहो, मी खरं बोलत होतो" एवढे बोलायला त्याचे काय जात होते? यंत्र अजून दुकानातच होते.

बागेत पहिल्याच महिन्यात त्याने प्रत्येक ओळीच्या टोकाला एकेक सपाट दगड आणून ठेवला. एक ओळ झाली की यंत्र जागेवर चालू ठेवून बसायचा. मी एकदा भडकलो, "बसायला काय आलाय का इथं? डिझेल फुकट मिळतं?" तो टाकीतून निघणाऱ्या वाफेकडे बोट दाखवून म्हणाला, "तापतंय ते, दलालसाहेब. गार होऊ द्यावं लागतं." मी यंत्रातला नव्हे, बैलातला माणूस. मला पटले. आणि पटल्यावर मी गप्प बसणारा नव्हे. दुकानात गेलो आणि गिऱ्हाइकांसमोर दुकानदाराला चोर म्हणालो. त्याने मेकॅनिक पाठवला. मेकॅनिकने तपासून सांगितले, "यात दोष नाही. अशा टाकीतून वाफ येणारच." तो दुकानदाराचा माणूस, त्याच्यावर विश्वास कोण ठेवणार? मी त्यालाही हाकलले. पुढे कित्येक वर्षे मी त्या दुकानाचे नाव निघाले की शिव्या घालायचो. साळवे शेजारी उभा असायचा, जमिनीकडे बघत. एकदा फक्त म्हणाला, "जाऊ द्या ना... त्याचा काय दोष." मला वाटले, भिडस्त माणूस.

दहावे झाल्यावर बागेची मशागत खोळंबली होती म्हणून मी स्वतः यंत्र धरले. दुसऱ्या ओळीच्या टोकाला दांड्या उचलून वळवताना खांदे भरून आले. मी अजूनही पोते उचलतो, तरी हात बधिर झाले. पण मी दगडावर बसलो नाही. म्हटले, कधी तापतेय ते बघू. सकाळ गेली, ऊन डोक्यावर आले, सगळ्या ओळी संपल्या. यंत्र एका सुरात चालू होते. वाफ येत होती, जशी पहिल्या दिवसापासून येत होती. ते तापलेच नाही.

तसाच मातीच्या हातांनी साळव्याच्या घरी गेलो. त्याच्या पत्नी सिंधूवहिनी तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी विचारले, "वहिनी, त्याला काय होतं?" त्यांनी सूप बाजूला ठेवले. "लहानपणी सांधेताप आला होता, भाऊजी. त्यात हृदयाची झडप गेली. डॉक्टरांनी जड काम नको म्हणून सांगितलं होतं."

"मग मला का सांगितलं नाही?"

वहिनींनी मान वर केली. "सांगितलं की. दुकानात. यंत्र घेताना दोनदा सांगितलं, असं म्हणाले. म्हणाले, त्याला तो सौदा फार आवडला गं... आता त्याच्या आनंदात माती कशाला घालू?"

मी उठून आलो. रागाने, हे खरे सांगतो.

मी त्याचे ऐकले नाही, असे कुणी म्हणेल. म्हणू द्या. मला बाजाराची भाषा येते, ती मी त्याला शिकवली, आणि त्याने खरे बोलायलाही तीच वापरली. खरे बोलायचे तर ते ओरडून बोलावे, भांडावे, यंत्राच्या चाकापुढे आडवे पडावे. मी आयुष्यभर तेच केले.

यंत्र मी शेडमध्ये लावून ठेवले आहे. विकणार नाही. दगड मात्र ओळींच्या टोकाला तसेच आहेत. त्यांतला सर्वांत शेवटचा, पाटाकडचा, बसून बसून गुळगुळीत झाला आहे. काल त्याच्यावर मी पहिल्यांदा बसलो. समोर पूर्ण ओळ दिसते आणि रस्त्याने बाजारातून येणारा माणूस लांबूनच दिसतो. म्हणजे मी येताना त्याला दिसायचो. मी पोचेपर्यंत उठून उभे राहायला त्याला वेळ मिळायचा.

साळवे, त्या दुकानदाराला मी विनाकारण चोर म्हणालो, त्याची माफी मी मागेन. ते माझ्याकडे लागले. पण मी फाटकातून आत शिरताना तू रोज उठून उभा राहिलास, त्याचे उत्तर तू दे. मी कोण होतो तुझा, की माझ्यासमोर तुला बसता आले नाही?