डाव्या हातातल्या बांगड्या

शाळेतले खेळाचे शिक्षक बदलून गेले आणि मुख्याध्यापकांनी धनुर्विद्येच्या खोलीची किल्ली माझ्याकडं दिली. मी गणित शिकवते. खोलीत बांबूची सहा धनुष्यं, एक्केचाळीस बाण आणि हाताला बांधायचे दोन चामडी पट्टे होते. मुलींना शिकवायचं तर आधी आपल्याला यायला हवं, म्हणून मी रोज सकाळी साडेसहाला शाळेच्या मैदानावर एकटी जाऊ लागले. तीस बाण मारायचे आणि सुटताना धनुष्याची दोरी किती वेळा हाताला लागली ते वहीत लिहायचं.

घरी मिस्टर आठ महिने अंथरुणावर होते. अर्धांगवायू. उजवी बाजू गेलेली, बोलणं एक-दोन शब्दांचं. मी येईपर्यंत थोरली जाऊ त्यांच्यापाशी बसायची. आल्यावर त्यांना कुशीवर वळवायचं काम माझं. तेव्हा माझा डावा हात त्यांच्या पाठीखाली जायचा आणि सगळं वजन त्यावर यायचं.

धनुष्यही डाव्याच हातात. पहिल्या आठवड्यात तीसपैकी सरासरी अकरा वेळा दोरी लागली. कोपराच्या खाली, आतल्या बाजूला, आधी लाल, मग जांभळा पट्टा उठला. दुखत होतं असं म्हणता येणार नाही. त्या दिवसांत मला फारसं काही दुखत नव्हतं. पण दहाव्या दिवशी त्यांना वळवताना हात मध्येच सैल पडला आणि ते उशीवरून घसरले. लागलं नाही. मी ठरवलं, आठ दिवसांत आकडा खाली आला नाही तर किल्ली परत करायची. हात घरी लागणार होता.

मुख्याध्यापकांच्या ओळखीचे ईट गावचे एक शेतकरी आठवड्यातून एकदा माल घेऊन आमच्या कळंबला यायचे. तरुणपणी ते स्पर्धांत उतरलेले होते. त्या आठवड्यात ते मैदानावर आले, माझे चार बाण पाहिले.

"बाई, हात लोखंडी नळीवानी ताठ करताय. दोरीनं जावं कुठनं?"

त्यांनी मला भिंतीवर पंजा टेकवायला लावला. "आता पंजा हलवू नका. निस्तं कोपर फिरवा. टोक जमिनीकडं हाय, ते बाहेरच्या अंगाला जाऊ द्या. आन् मूठ आवळू नका, धनुष्य कुठं पळून जात न्हाय."

वीस मिनिटं मी भिंतीशी उभी होते. मग पुन्हा तीस बाण मारले. अकराचे पाच झाले.

"हे पाच कशानं?" मी विचारलं.

त्यांनी माझ्या हाताकडं पाहिलं, मग दूर लिंबाच्या झाडाकडं. "हातात लई सामान हाय बाई तुमच्या."

सामान म्हणजे सहा काचेच्या बांगड्या. भाकरी थापताना सारते तशा मी त्या कोपराकडं सारून वरून पट्टा बांधत होते. त्यामुळं पट्टा पाऊण सेंटिमीटर उचलला जायचा. मी फूटपट्टीनं मोजलं होतं. दोरी लागण्याचं कारण मलाही माहीत होतं आणि त्यांनाही. पण नवरा आजारी असलेल्या बाईला बांगड्या काढा म्हणणं त्यांना जमलं नाही.

घरी मी जावेला सांगितलं.

"येडी का खुळी तू? भावजी असे पडल्यात, आन् तू हात मोकळा करती?"

"एकच हात, अक्का."

"एक काय आन् दोन काय. बघणारे तुझ्यासारखं मोजत बसत न्हाईत."

मिस्टर ऐकत होते. त्यांनी डावा हात उचलून माझ्याकडं केला. पाणी हवं असेल म्हणून मी पेला दिला. त्यांनी मान हलवली. माझ्या हातावरच्या काळ्यानिळ्या पट्ट्याकडं बघत म्हणाले, "काढ."

"त्यास्नी काय कळतंय," जाऊ म्हणाली.

"काढ," ते पुन्हा म्हणाले.

जाऊ उठून आत गेली. रागावली असं वाटलं. ती वाटीत साबणाचं पाणी घेऊन आली. "फुटू देऊ नको तेवढी. एक जरी फुटली तर या घरात पाय ठेवणार न्हाई मी."

सहाही निघाल्या, एकही फुटली नाही. जावेनं त्या रुमालात बांधून कपाटात ठेवल्या. मला काहीतरी वाटायला हवं होतं. मनगटावरची कातडी पांढरी दिसत होती, एवढंच.

दुसऱ्या दिवशी दोरी एकदा लागली. त्यापुढचे तीन दिवस एकदाही नाही. मी किल्ली ठेवून घेतली.

पुढच्या खेपेला ईटचे शेतकरी आले तेव्हा गारवा होता आणि माझा उजवा हात शालीत होता. डाव्या हातात धनुष्य. ते फाटकाशीच थांबले. माझ्या तोंडाकडं त्यांनी पाहिलंच नाही. टोपी काढून हातात घेतली.

"कधी झालं, बाई?"

"काय?"

ते माझ्या मोकळ्या मनगटाकडं बघत राहिले. मग माझ्या लक्षात आलं. मी उजवा हात बाहेर काढून बांगड्या दाखवल्या. "आहेत ते. दोरी लागत होती म्हणून डाव्या काढल्या."

ते तिथंच मातीत बसले. "म्याच म्हणलं हुतं सामानाचं," असं दोनदा म्हणाले. मग विचारलं, "कसे हायेत?"

"बसवलं तर वीस मिनिटं बसतात."

"आन् मागं?"

"बारा."

"मग वाढलं की, बाई."

मी हिशेब करून पाहिला. आठ मिनिटं वाढली होती. ती मी कुठंच लिहिलेली नव्हती.