आईनं त्याला सोडलं

आमच्या घरी माफ करण्याला 'सोडणं' म्हणत. भावंडांत मारामारी झाली की संध्याकाळच्या प्रार्थनेआधी आई दोघांनाही समोर बसवायची आणि "सोडलं" म्हणायला लावायची. ते मनापासून आहे का, हे ती डोळ्यांत बघून ठरवायची. या परीक्षेत मी कायम नापास.

बाबा गेले ती रविवारची सकाळ मला स्वप्नासारखी दिसते. खरं तर मी तिथं नव्हते. आईनं इतक्यांदा सांगितली की ती माझीच होऊन गेली. लोणावळ्याचं दाट धुकं. दोघं चर्चला निघालेले, आई जरा मागं. धुक्यातून एक जीप येते. काचेआड मोबाइलच्या निळसर उजेडात खाली बघणारा एक चेहरा. मग बाबा रस्त्यावर पडलेले, आणि जीप पुन्हा धुक्यात. कसलाच आवाज झाला नाही, असं आई सांगते.

चेहरा भाजे गावातल्या एका तरुण ड्रायव्हरचा निघाला. जामिनावर सुटल्यावर तो आपल्या आईला घेऊन आमच्या स्वयंपाकघरात आला आणि खाली बसून रडला. "मावशी, मोबाइल बघत व्हतो. चुकलं माजं."

आईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "सोडलं रे बाबा," म्हणाली. मला इतका संताप आला की समोर दूध उतू जात होतं तरी मी गॅस बंद केला नाही.

मावशीनं पोराला सोडलं, ही बातमी भाज्यात पोचली. तिथं तिचा अर्थ सरळ होता: केस मिटली. त्याचा काका पेढे घेऊन आला. निघताना म्हणाला, "ताई, कोर्टात येवढंच सांगा, धुक्यात काय दिसलं न्हाई."

"पण दिसलं ना मला," आई म्हणाली. काका पेढे तसेच ठेवून निघून गेला.

वडगावच्या कोर्टात आईची साक्ष झाली त्या दिवशी खिडकीबाहेरही धुकं तरंगत होतं. सगळी खोली ढगात नेऊन ठेवल्यासारखी वाटत होती. त्या पोराच्या वकिलानं गोड आवाजात विचारलं, "तुम्ही यांना माफ केलंय ना?"

"केलंय."

"मग त्या धुक्यात चेहरा काही नीट दिसला नसेल."

"दिसला. हाच होता. मोबाइलमध्ये बघत होता."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

पुढं निकाल लागला, शिक्षा झाली. मला हवं होतं ते मिळालं होतं. बाहेरच्या बाकावर त्याची आई एकटीच बसली होती. आई तिच्याशेजारी जाऊन बसली, तिचा हात धरायला गेली. त्या बाईनं तो झटकला.

"सोडलं म्हनलीस ना गं?"

"सोडलंय."

"मग माजं प्वार कुटं हाय?"



"आत आहे," आई म्हणाली. "मीच पाठवलं." आणि रडायला लागली. बाबांना माती दिली तेव्हाही ती इतकी रडली नव्हती.