शांघायमधला नागावकर

मी निघालो त्या सकाळी बाबा रहाटावर होते. दारात बैलगाडी उभी होती, अक्कानं माझ्या हातावर दही ठेवलं होतं, आळीतली चार माणसं जमली होती आणि ज्यांच्या पाया पडायचं तेच मागे वाडीत, विहिरीपाशी. शेवटी मीच गेलो. बैल गोल फिरत होता, गाडगी भरून वर येत होती, पाणी पाटानं पोफळींत चाललं होतं. मी वाकलो. बाबांनी बैलाच्या पाठीवर हात ठेवला, पण त्याला थांबवलं नाही. "पानी सुटलंय, आता थांबवता येत न्हाय," ते म्हणाले. "तू हो पुढं. दोन वर्सांत ये." आणि बैलामागून विहिरीच्या पलीकडे गेले. फेरी पुरी होऊन ते पुन्हा समोर येईपर्यंत मला उभं राहता आलं असतं. पण रेवसची बोट चुकेल म्हणून मी निघालो.

त्या दोन वर्षांची चौदा झाली, मध्ये एकदा रजेवर जाऊन आलो तेवढाच. दर दिवाळीला मी शांघायहून एक पत्र टाकतो आणि त्यात न चुकता लिहितो की पुढच्या वर्षी येतो. पहिली तीन-चार वर्षं ते खरं होतं. पुढे पुढे ते 'वडील माणसांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद' यांच्यासारखं होऊन बसलं.

गेल्या महिन्यात अक्काचं पत्र आलं. अक्का माझी थोरली बहीण. सोळाव्या वर्षी कुंकू पुसून माहेरी आली, ती तिथलीच झाली. बाबा गेल्यापासून रहाट तीच चालवते. आमचे चुलतभाऊ तिला येता-जाता ऐकवतात, वाडी गोविंदाची, तू कोण? तिला लिहिता येत नाही. शाळेचे मास्तर तिचं पत्र लिहून देतात, आणि त्यांनी तिचं बोलणं सुधारलं नाही ही त्यांची कृपा. "गोविंदा, येनार की न्हाय ते एकदाचं सांग. विहिरीकडची पट्टी मोकळी पडली हाय. मला पोफळी लावायच्या हायत. तुझ्या म्हणून लावू की माझ्या, तेवढं कळू दे."

पोफळ लावल्यापासून सुपारी धरायला सात-आठ वर्षं जातात. म्हणजे अक्का साध्यासुध्या गोष्टीचं उत्तर मागत नाही. चार ओळींचं काम, पण महिना झाला, माझा हात चालत नाही. म्हणून आधी हे सगळं लिहून काढतो. नागावात राहिले त्यांनी वाचावं, आणि माझ्यासारखे रंगूनला, मोंबासाला, जिथे कुठे पांगलेत त्यांनीही.

इथे मी एका पारशी सेठच्या पेढीत सुताच्या गोदामावर कारकून आहे. राहतो हाँगक्यूमधल्या एका गल्लीत. तोंडाशी दगडी कमान, आत विटांची दुमजली घरं एकमेकांना चिकटून, एका घरात पाच बिऱ्हाडं आणि सगळ्यांत मिळून एक स्वयंपाकघर. पहाटे मैल्याची गाडी येते, मग बायका लाकडी बादल्या बांबूच्या खराट्यानं घासतात. त्या आवाजानं मी चौदा वर्षं उठतोय. उकळतं पाणीसुद्धा इथे दुकानातून डावानं विकत आणायचं. चुलीला कोळसा परवडत नाही म्हणून.

आणि माणसं! मी समजत होतो, शांघायला शांघायचे लोक राहत असतील. छे. खालच्या खोलीतली म्हातारी निंगपोची, समोरचा न्हावी यांगचाऊचा, सुतार कँटनचा. निंगपोच्या म्हातारीचा नातूसुद्धा इथेच जन्मला, त्यानं निंगपो पाहिलेलंही नाही, पण विचारलं की छाती काढून सांगतो, आम्ही निंगपोचे. प्रत्येक गावच्या लोकांची इथे आपली संस्था असते. माणूस मेला तर त्याची शवपेटी तिथे ठेवून घेतात आणि सोय झाली की गावी पोचवतात. पहिल्याच आठवड्यात म्हातारीनं मला विचारलं, तू कुठला? मी हिंदुस्थान म्हणालो. ती म्हणाली, ते झालं राज्य, गाव कुठलं? मी नागाव म्हणालो. तिचं समाधान झालं. तेव्हापासून मी गल्लीत 'नागाव सिसांग', म्हणजे आपल्याकडचे नागावकर मास्तर म्हणा. नागावात कोणी कोणाला नागावकर म्हणत नाही. तिथे सगळेच नागावचे. ते नाव लागायला गाव सोडावं लागतं.

हे नाव माझ्या कामी आलं ते पंचवीस सालच्या उन्हाळ्यात, आणि त्याबद्दल मला अभिमान नाही. इथल्या इंग्रजी वसाहतीतल्या गोऱ्या अंमलदाराच्या हुकुमावरून पोलिसांनी रस्त्यावर जमलेल्या चिनी विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या, पोरं मेली. त्या पोलिसांत लाल पगडीचे आपले शीख शिपाई होते. दुसऱ्या दिवसापासून गल्लीत मला कोणी काही विकेना. गरम पाणीवाल्यानं माझी किटली पायानं बाजूला सारली. तीन दिवस मी कच्चं पाणी पिऊन पोट बिघडवून घेतलं. चौथ्या दिवशी म्हातारी माझी किटली घेऊन स्वतः गेली आणि दुकानासमोर ओरडली, "हा त्या लाल पगडीवाल्यांच्या मुलखातला नव्हे! हा नागावचा!" मी तिच्यामागेच उभा होतो. मला बोलता आलं असतं की बाई, मुलूख एकच आहे. मी बोललो नाही. पाणी मिळालं. कोपऱ्यावरचा शीख शिपाई मला रोज हाक मारून खुशाली विचारायचा. त्या दिवसानंतर तो दिसला की मी रस्ता ओलांडू लागलो. थोड्याच दिवसांत त्यानं हाक मारणं सोडलं.

बाबा गेल्याचं पत्र मला दीड महिन्यानं मिळालं. रजा मिळायला आणखी वर्ष गेलं. आठ वर्षांनी नागावच्या रस्त्याला लागलो तर पहिली हाक ऐकली ती, "अरे, चीनवाला आला!" मुक्काम संपेपर्यंत मी चीनवालाच होतो. पहाटे उठून मैल्याच्या गाडीची वाट पाहायचो, आणि मग लक्षात यायचं की इथे गाडी यायची नाही. दुपारच्या उन्हात मला गरम पाणी प्यायला लागे, त्यावर आळीभर हसले. एक दिवस अक्काला म्हटलं, आज तू बस, रहाट मी बघतो. बैल अडला तेव्हा तोंडातून शिवी निघाली ती शांघायची, बैलानं वळूनसुद्धा पाहिलं नाही. पाणी सोडलं आणि जुना पाट बुजवायचा विसरलो. नव्या लावलेल्या केळींत लोंढा शिरला. आमच्याकडे हे सात वर्षांच्या पोरालाही शिकवावं लागत नाही. अक्का कुदळ घेऊन आली, दोन घावांत पाट बुजवला, पदरानं तोंड पुसलं. "राहू दे," ती म्हणाली. "तुला न्हाय जमायचं आता." तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

शांघायला परत आलो तर म्हातारी कमानीशीच बसलेली. गावाहून काय आणलंस? मी सुपारी दिली. तिनं ती चावून पाहिली, थुंकली, आणि उरलेल्या चार तिच्या देवापुढे मांडल्या. मग गल्लीनं मला घेरलं. पाऊस कसा झाला नागावला? बहीण बरी आहे ना? विहिरीला पाणी आहे? नागावात मला सगळ्यांनी चीनबद्दल विचारलं होतं.

एक गोष्ट मी घरी कधीच कळवली नाही. बत्तीस साली या भागात जपान्यांचे बाँब पडले. गल्ली एका दुपारीत रिकामी झाली, जो तो आपापल्या गावी पळाला. म्हातारीनं जाताना खारवलेल्या भाजीची बरणी माझ्या स्वाधीन केली. सेठनं मला मुंबईचं तिकीट देऊ केलं. "दीकरा, घेर जा," म्हणाले. मी म्हणालो, बरणी आहे ना माझ्याकडे. ती बरणी काखेत मारून मी खाडीपलीकडच्या गोदामात दीड महिना काढला. तिचा वास सुताच्या गठ्ठ्यांना लागला म्हणून बोलणी खाल्ली. लढाई थांबली तेव्हा गल्लीत पहिला परत आलो तो मी, आणि लोक येईपर्यंत कमानीखालच्या फुटक्या विटा गोळा करत बसलो.

अक्का, आता तुलाच लिहितो. त्या दिवशी तिकीट माझ्या हाताशी होतं. तरीही त्या दिवाळीला मी तुला लिहिलं, पुढच्या वर्षी येतो. तू ते मास्तरांकडून वाचून घेतलंस, आणि आणखी एक वर्ष आपल्याच बापाच्या वाडीत दुसऱ्याची राखण करत राहिलीस. मी खोटं लिहिलं, कारण येणार नाही असं लिहिलं की मी नागावचा उरलो नसतो. माझं नाव टिकावं म्हणून बाबा गेल्यापासून तुझं घर मी अडवून ठेवलं. हे लिहितानाही मी थकलोय, आणि थकण्याचं काम सगळं तू केलंस.

सोबत कागद आहे. वकिलाकडून करून घेतला आहे, दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत. वाडी, विहीर, घर, सगळं तुझ्या नावानं बक्षीस दिलं आहे. मास्तरांना म्हणावं, अलिबागच्या कचेरीत नोंदवून द्या आणि मग चुलतभावांना सावकाश वाचून दाखवा. मी येणार नाही. इथे मला रोज कोणीतरी नागावची खबर विचारतं, आणि ती मला ठाऊक असावी म्हणून तू कळवत राहा. एवढ्यावर माझं उरलेलं आयुष्य निघेल.

पट्टी मोकळी ठेवू नकोस. रोपं घेताना हात आखडू नकोस. आणि कधी आलोच, तर ओटीवर उतरेन, चार दिवस जेवेन, सांगशील तेवढं पाणी शेंदेन. पाहुणा म्हणून येईन, अक्का. तुझ्या घरी.