नंदूच्या हँडलवरचा धागा

नंदू गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "कोण बोलतंय?" आणि दुसरा, "नक्की का?" त्याच्या पुतण्यानं रडत रडत सांगितलं की काका आंघोळ करून आले, चहा मागितला आणि खुर्चीतच... फोन ठेवल्यावर मी काय करावं? नागावातल्या त्याच्या शेजाऱ्याला फोन लावला आणि खात्री करून घेतली. अलिबागच्या कोर्टात कारकून म्हणून लोकांच्या जबान्या ऐकण्यात माझी उभी नोकरी सरली, त्यामुळे समोरचा माणूस खरं बोलत असेल ही शक्यता मी नेहमी शेवटी धरतो. "सुऱ्या, तुला देवानं दर्शन दिलं तरी तू आधार कार्ड मागशील," असं नंदू म्हणायचा. आमच्या गल्लीत ते वाक्य अजून चालतं.

नंदू ठाकूर आणि मी तरुणपणी सायकलच्या शर्यती मारायचो. गावच्या व्यायाम मंडळाची आमची टीम होती, अंगात लाल बनियन, आणि सायकली एकमेकांचे भाग काढून जोडलेल्या. शेवटच्या टप्प्यात सुसाट सुटायचं काम माझं. नंदूचं काम माझ्यापुढे राहून वारा कापायचं. सायकलच्या शर्यतीत ज्यानं ही चाकरी केली त्याचं नाव पेपरात येत नाही, पण त्याच्यावाचून जिंकणाराही जिंकत नाही. पुढच्याच्या आडोशाला बसलं की मागच्याची अर्धी ताकद शिल्लक राहते. रोज पहाटे आम्ही रेवदंड्याहून अलिबागच्या दिशेनं यायचो. आक्षीचा पूल ओलांडला की नंदू डोकं खाली घालून जीव तोडून पायडल मारायचा, मग झटकन उजवीकडे सरकायचा आणि मी डावीकडून बाण सुटावा तसा सुटायचो. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की त्याला इशारा करावा लागत नसे आणि मला विचारावं लागत नसे.

मग ती शर्यत आली. थंडीचे दिवस होते. सकाळी लवकर सुटायची शर्यत प्रमुख पाहुण्यांच्या वाटेकडे डोळे लावून रखडली. पाहुणे आले, नारळ फुटला, भाषण झालं, आणि आम्ही उन्हातच सुटलो. शेवटी पुढे राहिलो ते आम्ही दोघं आणि एका कंपनीच्या टीमचा मोरेश्वर. त्यांची निळी जर्सी, चकचकीत सायकली. त्यांच्यात ज्याची निवड व्हायची त्याला नोकरीही मिळायची, त्यामुळे तालुक्यातल्या प्रत्येक सायकलवाल्याचा डोळा त्या निळ्या रंगावर. आक्षीचा पूल गेला. नंदूनं मान खाली घातली. मी त्याच्या मागे. शर्यत माझी होती, हे मी आजही शपथेवर सांगेन. आणि नंदू उजवीकडे सरकला तो थेट माझ्या चाकावर. मी ब्रेक दाबला, सायकल डगमगली, आणि मोरेश्वर डावीकडून वाऱ्यासारखा निघून गेला.

दोन महिन्यांनी नंदू निळ्या जर्सीत दिसला.

आता सांगा, माझ्या जागी तुम्ही काय धरलं असतं? मी त्याला त्यांच्या अंगणात गाठलं. सुनीता वहिनी नुकतीच लग्न होऊन आली होती, ती दारात उभी होती. मी विचारलं, "शर्यत कोनासाठी चालवलीस?" नंदूच्या हातात पाना होता. तो खाली ठेवून त्यानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "तुला असं वाटतंय?" मी म्हटलं, "व्हय, वाटतंय." "मग झालं," एवढंच बोलून तो पुन्हा चेनला तेल घालायला लागला. नाही म्हणाला नाही. कोर्टात जो आरोपी नाही म्हणत नाही त्याचं काय होतं ते मला ठाऊक होतं.

आमचं बोलणं बंद झालं. मग काही वर्षांनी एका रविवारी माझ्या घराखाली सायकलची घंटी वाजली. खाली नंदू. "चल, रेवदंड्यापर्यंत." मी काही विचारलं नाही, त्यानं काही सांगितलं नाही. तेव्हापासून दर रविवारी दुपार कलली की आम्ही निघायचो. त्याच्या हँडलच्या मधोमध होडीच्या जाळ्याचा एक निळा धागा बांधलेला असायचा. जुना विरला की नवा बांधायचा, पण निळाच. मी एकदा विचारलं, "हे काय?" तर म्हणाला, "शोभेला." कंपनीतून तो निवृत्त झाला, निळी जर्सी वहिनीनं फरशी पुसायला घेतली, तरी धागा काही सुटला नाही. मी मनात म्हणायचो, त्या निळ्या रंगाशी एवढं इमान, माझ्याशी असतं तर! आणखी एक गोष्ट माझ्या नजरेत होती. जाताना काय, येताना काय, तो नेहमी समुद्राच्या कडेनं चालवायचा. संध्याकाळचा खारा वारा त्याच्या अंगावर, मी जमिनीच्या बाजूला निवांत. मनात खात असणार, म्हणून फेड करतोय, असा मी निकाल देऊन टाकला होता.

अलीकडे मोबाइलवर युरोपातल्या मोठ्या शर्यती दिसायला लागल्या आणि आमच्या गप्पांना नवं खाद्य मिळालं. तिकडे ऑगस्टात खेळाडूंच्या बदल्यांचा बाजार उघडतो. कोण कुठली टीम सोडून कुठे चालला, याच्या बातम्या नंदू पंचांग बघावं तशा रोज बघायचा. ओटीवर बसून आम्ही दोघं सर्वांत चांगल्या आणि सर्वांत वाईट बदल्या ठरवायचो. घाटात कुणाला हार न जाणारा एक गडी श्रीमंत टीममध्ये गेला आणि तिथे दुसऱ्यांच्या पाण्याच्या बाटल्या वाहत बसला, ही माझ्या मते सर्वांत वाईट. नंदूचं मत वेगळं. एका टीमनं शेवटच्या टप्प्यात सुटणारा वेगवान गडी घेतला, पण त्याच्यापुढे वारा कापणारा जुन्याच टीममध्ये राहिला. गडी तोच, पाय तेच, पण वर्षभरात जिंकला म्हणून नाही. मग त्यांनी पुढच्या वर्षी तो दुसराही आणला आणि पुन्हा जिंकायला लागले. "जोडीतला एकच उचलला की दोन्ही टीमा बुडतात," नंदू म्हणायचा. "ती सगळ्यात वाईट बदली."

मी संधी सोडणारा नव्हे. "नंदू, करार ऑगस्टात होतो आणि शर्यती पुढं ऑक्टोबरपर्यंत चालतात. मधल्या दिवसांत तो गडी कोनासाठी पायडल मारतो?"

"अंगावर जी जर्सी हाय तिच्यासाठी."

"आणि मनानं?"

तो हसायचा. "वकील, चहा घे. निवतोय."

दरवर्षी हीच उलटतपासणी आणि दरवर्षी हाच चहा. एकदा मात्र मी म्हटलं, आपल्या तालुक्यातली सर्वांत चांगली बदली कुठली? तो चटकन म्हणाला, "माझीच. नोकरी लागली, पोरं शिकली." आणि वाईट? त्यानं मोबाइल पालथा ठेवला. "ती पन माझीच. तिकडं माझ्या मागं कोन व्हतं?" मला वाटलं, आता कबूल करतोय. पण तो उठून गुरांना पाणी दाखवायला गेला. त्या वाक्यात कबुली नव्हती, दुःख होतं. ते मला तेव्हा दिसलं नाही, आता दिसतं, आणि फार लागतं.

दहाव्याला मोरेश्वर आला. केस पांढरे, पाठीला बाक, तरी पोटऱ्या तशाच. सुतकाच्या घरात तपासणी करू नये एवढं मला कळतं. पण नंदू गेल्यावर विचारायला साक्षीदार तो एकटाच उरला होता. अंगणात जांभळाखाली मी त्याला धरलंच. "मोरेश्वरदादा, एक खरं सांगा. नंदूला तुम्ही शर्यतीच्या आधी घेतला की नंतर?"

"आधी?" तो चक्रावला. "आधी आमाला त्याचं नावसुद्धा माहीत न्हवतं, भाऊ. बक्षिसं वाटून झाली तेव्हा तो मांडवात माझ्याकडं आला. मला वाटलं भांडायला आला. तर म्हणतो, तुम्ही डाव्या अंगानं कसे काय आलात? मी सांगितलं, पुलावरून येताना खाडीतल्या होड्यांचे बावटे बघितले. वारा फिरला व्हता. सकाळी जमिनीकडून व्हता तो दर्याकडून लागला, म्हनून मी त्याप्रमानं बाजू बदलली. तर म्हणाला, आम्ही कायम पहाटेच सराव केला हो. मी साहेबांना सांगितलं, हरल्यावर जो असं विचारायला येतो तो गडी आपल्याला पायजे."

मोरेश्वर बोलत होता आणि मी त्याच्या बोलण्यातल्या फटी शोधत होतो. जुनी सवय. एका टीमची माणसं, एकमेकांना सांभाळून घेणारच. तेवढ्यात वहिनीनं आतून नंदूची सायकल बाहेर आणली. "भाऊजी, ही तुमीच न्या. दुसऱ्या कोनाला देववत न्हाय." हँडलवर निळा धागा होता. मी धाग्याकडे बघितलं, मोरेश्वरकडे बघितलं. त्याला विचारलं, "हा तुमच्या टीमचा का?" तो म्हणाला, "छे. आमच्यात कोनी असलं बांधत न्हवतं. हा त्याचाच. वारा बघायला."

तरी माझं समाधान झालं नाही. मोरेश्वर काय, सांगेल. वहिनी काय, रडेल. पुढच्या रविवारी मी नंदूची सायकल घेऊन सकाळीच आक्षीच्या पुलावर गेलो, प्रत्यक्ष घटनास्थळी. तेच थंडीचे दिवस. अलिबागच्या दिशेला तोंड करून सायकल कठड्याला टेकवली. धागा डावीकडे, समुद्राकडे उडत होता. म्हणजे मतलई वारा, जमिनीकडून येणारा, उजव्या गालावर गार लागत होता. अशा वाऱ्यात नंदू उजवीकडे सरकायचा आणि मी डावीकडे त्याच्या आडोशात असायचो. बरोबर होतं. मी टपरीवर जाऊन चहा घेतला, परत आलो, पुन्हा चहा घेतला. टपरीवाली बाई विचारायला लागली, "कोनाची वाट बघताव?" ऊन वर आलं. धागा हळूहळू सैल झाला आणि मेल्यासारखा खाली लोंबला. मग हलला, थरथरला, आणि उजवीकडे, जमिनीच्या दिशेनं उडायला लागला. खाडीतल्या होड्यांचे बावटेही एकेक करून तिकडेच वळले. डाव्या गालाला खारा वारा लागला आणि माझं मलाच न कळता मी त्याच्याकडे पाठ करून एक पाऊल उजवीकडे सरकलो.

त्या दिवशीही असाच सरकलो असणार. वारा चुकवायला, डावी बाजू मोरेश्वरला मोकळी सोडून. आणि पुढे मान खाली घातलेला नंदू रोजच्याप्रमाणे उजवीकडे आला, कारण मी डावीकडे असणार याची त्याला खात्री होती.

त्यानं सांगितलं का नाही? सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, वाऱ्याची साक्ष कुठल्या कोर्टात चालते? हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यानं माझ्याशी वाद घातला नाही, हँडलला धागा बांधला, आणि मरेपर्यंत पुन्हा कधी बाजू चुकला नाही. मला त्याचा राग येतो. एकदा तरी ओरडून सांगायचं होतंस रे. मी विश्वास ठेवला नसता, पण सांगायचं होतंस...

परत निघालो तेव्हा वारा चांगलाच सुटला होता. थोडं पुढे गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मी सवयीनं जमिनीची कड धरली आहे आणि समुद्राकडची बाजू त्याच्यासाठी मोकळी सोडली आहे. तिथून खारा वारा थेट अंगावर येत होता. अलिबागेपर्यंत मी तसाच चालवत आलो, ती जागा सोडून.