आईची सीट आणि आबांची टोपी

ऐंशीच्या दशकात आमच्या नानांनी, म्हणजे वडिलांनी, एक जुनी लष्करी जीप घेतली. लष्कराने ती टाकून दिली होती, मधल्या दोन मालकांनीही टाकून दिली होती. त्यावरून काही शहाणपण घ्यावं असं नानांना वाटलं नाही. पुढे दोन सीटा, मागे दोन्ही बाजूंना लोखंडी बाकं. त्यांवर आधीच्या मालकाने केळीचे घड वाहिले होते, चिकाचे काळे डाग तसेच होते. आम्ही पोरं त्या बाकांवर बसायचो आणि आईसुद्धा तिथेच, कारण नानांच्या शेजारची सीट आबांची. आबा म्हणजे नानांचे वडील. जीप जाईल तिथे आबा जाणारच, काम असो नसो.

दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आई माहेरी जायची. आमचं गाव धरणगावजवळ, तिचं माहेर नरडाण्याच्या पलीकडे. पूर्वी मामा तिला न्यायला यायचा. जीप आल्यावर नानांनी त्याला निरोप धाडला, येऊ नकोस, आम्ही आमच्या गाडीने येतो. नानांच्या या रुबाबाने आईचे हाल केले. आडव्या बाकावर बसलं की अमळनेर यायच्या आत तिला मळमळायला लागायचं. लिंबू हुंगूनही काही फरक पडायचा नाही. माहेरच्या दारात ती पांढरीफटक उतरायची आणि पदर तोंडावर दाबून सरळ मोरीकडे पळायची.

तिचे वडील हे बघायचे आणि त्याचा भलताच अर्थ लावायचे. लेक सासरी सुखात नाही. तिला बाजूला घेऊन विचारायचे, "तठे तुले तरास शे का वं बाई?" आई नाही म्हणायची आणि त्यांची खात्रीच पटायची, कारण छळ सोसणारी मुलगी दुसरं काय म्हणणार? नानांशी ते कामापुरतं बोलायचे. मामा सांगायचा, म्हातारा वर्षभर झुरतो. आईला फक्त एकदा माहेरच्या दारात हसत उतरायचं होतं. तेवढं झालं असतं तर बापाच्या जिवाला स्वस्थता मिळाली असती.

मी आठवीत असताना नानांनी घोषणा केली, "ह्या आखाजीले तुले समोर तोंड करीसन बसाडसू." आई इतकी खूश झाली की तिने त्या दिवशी त्यांच्या ताटात दोनदा तूप वाढलं.

काम एका सीटचं होतं. पण नानांना एकदा झटका आला की आवरणं कठीण. जळगावहून मरून रेक्झिन आलं. डॅशबोर्डवर मखमल चढली. हुडाच्या कडेने सोनेरी झालर लागली, टेप आला, चार स्पीकर आले, आणि आबांच्या तोंडासमोर एक छोटा पंखा आला, जो फक्त त्यांच्या मिशा हलवायचा. जीप बाहेरून लढाईला आणि आतून लग्नाला निघाल्यासारखी दिसायला लागली. सगळ्यात शेवटी नानांना बायको आठवली. डाव्या बाजूचं बाक काढून तिथे, आबांच्या बरोब्बर मागे, समोर तोंड असलेली एक सीट बसवली.

कुशनवाला म्हणाला, फोम घाला. नाना भडकले. "घरमा कापूस पडेल शे, मंग फोम काबरं इकत लेऊ?" पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून आणला आणि आमच्या शेताची अब्रू राखायची म्हणून ठासून ठासून भरला. वर बटणं, कडेला गोट. सीट देखणी झाली खरी, पण पुढच्या सीटपेक्षा वीतभर उंच झाली.

हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही. आखाजीला निघायच्या वेळी आई नवं लुगडं नेसून त्या सीटवर बसली आणि आबांनी मागे वळून पाहिलं. सुनेचे गुडघे त्यांच्या खांद्याला लागत होते आणि ती वरून त्यांच्या टोपीकडे बघत होती. आमच्याकडे सासऱ्यासमोर सून खाटेवर टेकत नसे.

"सून वर नि सासरा खाल? मी उतरी जास!"

नानांनी धावत जाऊन घरातली गादी आणली आणि आबांच्या बुडाखाली सारली. आबा वर गेले, टोपी हुडाच्या पाइपाला लागून डोळ्यांवर आली. टोपी काढा म्हटलं तर व्याह्याच्या गावात बोडक्याने जाणार नाही म्हणाले. आईच्या सीटमधला कापूस कमी करा म्हटलं तर नाना उसवू देईनात, बटणं बिघडली असती. अर्धं गाव गोळा झालं. हुड काढा, सासऱ्याला मागे बसवा, सुनेला खाली बसवा, ज्याला जे सुचेल ते तो बोलत होता.

शेवटी नानांनी नजर चुकवत उरलेल्या बाकाकडे बोट दाखवलं. "आजना दिन बस तठे. पुढला साल दखूत."

मला इतका संताप आला की ती झालर ओढून तोडावीशी वाटली. आईने शांतपणे पिशवी उचलली, माझा हात धरला आणि म्हणाली, "तुम्ही या सावकाश. मी एस.टी.मा जास. तठे समोर तोंड करीसन बसता येस."

आणि आम्ही खरंच गेलो. एस.टी.ला झालर नव्हती. सीटचं रेक्झिन फाटलेलं, काच अडकलेली, शेजारी कोणाची तरी कोंबडी. आई खिडकीशी बसली आणि अमळनेर गेलं तरी शेंगदाणे खात होती. तिला प्रवासात खाताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

माहेरच्या दारात तिचे वडील उभे होते. ती हसत आली, वाकून पाया पडली आणि भूक लागली म्हणाली. ते तिच्या तोंडाकडे बघतच राहिले.

"यंदा तरास नही का वं बाई?"

"तरास व्हता, बाबा. पन माणसंसना नही, गाडीना बाकना व्हता."

त्यांना समजायला वेळ लागला. मग ते खाटेवर बसले आणि उपरण्याने डोळे पुसत राहिले.

तासाभराने टेप वाजवत जीप आली. आतून आबा टोपी सावरत उतरले. एरवी ओसरीवरूनच रामराम घालणारे आईचे वडील अनवाणी अंगणात धावले, त्यांनी नानांचे दोन्ही हात धरले, आणि ते सोडेचनात.

नानांना वाटलं, गाडी आवडली. त्यांनी सासऱ्यांना हाताला धरून जीपमध्ये चढवलं आणि ती सीट दाबून दाखवली.