बिनगाठीचा दोरा

जपानमधल्या सेंदाईत आम्ही पाच वर्षं काढली. नवरा विद्यापीठात पोस्टडॉक होता. मी त्याच्यापाठोपाठ आलेली, आणि पहिलं वर्षभर भाषा येत नाही म्हणून जवळजवळ मुकीच. आमच्या घराखाली, तळमजल्यावर, एका कोरियन बाईंचं किमचीचं, म्हणजे कोबीच्या तिखट लोणच्याचं, छोटं दुकान होतं. त्या लहानपणी आईवडिलांबरोबर जपानला आल्या, त्या इथल्याच झाल्या. ऐंशी ओलांडली होती, तरी कोबीचे गड्डे स्वतः चिरायच्या. माझी मोडकी जपानी त्यांनी कधी हसण्यावारी नेली नाही. "मला हाल्मोनी म्हण," त्या म्हणाल्या. कोरियनमध्ये हाल्मोनी म्हणजे आजी.

एका उन्हाळ्यात दुपारी त्यांनी मला सुईत दोरा ओवायला आत बोलावलं. चटईवर जाडंभरडं, पिवळसर कापड पसरलं होतं. मी दोरा ओवला आणि सवयीनं टोकाला गाठ मारली.

"गाठ नको," त्या म्हणाल्या आणि नखानं ती सोडवू लागल्या. "या कपड्यांत एकही गाठ चालत नाही. जाणाऱ्याचा पाय अडकतो."

ते कपडे त्यांच्या स्वतःच्या शेवटच्या प्रवासाचे होते. झगा, घागरा, मोजे, तोंडावर घालायचा रुमाल, आणि कापलेली नखं नि विंचरताना गळलेले केस ठेवायला पाच इवल्या पिशव्या. मी चपापले. आमच्या घरी असला विषय निघाला की आई "शुभ बोल" म्हणून गप्प करायची. हाल्मोनी मात्र लग्नाचा शालू बेतावा तशा खुशीत होत्या. त्यांच्या पंचांगात तेव्हा अधिक महिना चालू होता. या महिन्यात देवादिकांचं माणसांकडे लक्ष नसतं, म्हणून कफन शिवायचं ते आत्ताच. "आमच्यातही असतो अधिक महिना," मी म्हटलं, तर त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी मला किमचीचा डबाच भरून दिला.

महिनाभर मी रोज दुपारी दोरे ओवले. शिवताना त्या कोरियातल्या आपल्या गावच्या टेकडीबद्दल सांगायच्या. तिथे त्यांच्या आजोबा-पणजोबांच्या थडग्यांचे मातीचे गोल उंचवटे होते. मागे डोंगर, पुढे पाणी, वर मऊ हिरवळ. शरदातल्या पौर्णिमेच्या आधी सगळं घराणं विळे घेऊन टेकडी चढायचं आणि गवत कापायचं. "लांबून बघितलं तर आजोबा पांघरूण घेऊन कुशीवर झोपलेत असं वाटायचं," त्या म्हणायच्या. इथे आपल्याला जाळणार, हे त्यांना ठाऊक होतं. टोकियोत राहणारी त्यांची मुलगी फोनवर चिडायची, "आई, जळूनच जायचंय ना ते सगळं?" त्या शांतपणे म्हणायच्या, "जळू दे. पण जाताना अंगावर माझे कपडे हवेत."

थंडीच्या सुरुवातीला त्यांची एक मैत्रीण गेली. त्याच गावाकडची, मूलबाळ नसलेली, शेवटची काही वर्षं वृद्धाश्रमात. मी हाल्मोनींना घेऊन गेले. अंत्यविधीच्या माणसानं नेहमीचा पांढरा किमोनो काढून ठेवला होता. हाल्मोनींनी त्याच्याकडे बघितलं, मग मैत्रिणीकडे बघितलं. नंतर मला म्हणाल्या, "घरी जा. कपाटातल्या वरच्या खोक्यातले कपडे आण."

"पण ते तर तुमचे..."

"माझे मी परत शिवीन. ही आज निघालीये."

मी सायकल दामटली. परत येईपर्यंत त्यांनी मैत्रिणीचे केस ओल्या फडक्यानं पुसून विंचरले होते, फणीत अडकलेले चार केस मुठीत धरले होते. कपडे अंगात मोठे होत होते. त्यांनी बाह्या आत दुमडल्या, पिशव्या भरल्या, तोंडात चिमूटभर तांदूळ ठेवले. मी फक्त हातात वस्तू देत होते.  परतल्यावर जिन्यापाशी त्या एकदम हसल्या. "आता पुढचा अधिक महिना येईपर्यंत मला मरायची सोय नाही. दोन-तीन वर्षं तरी."

पुढच्या शरदात आम्ही दोघी बसनं गावाबाहेरच्या कब्रस्तानात गेलो. मैत्रिणीच्या अस्थी तिच्या नवऱ्याच्या शेजारी ठेवल्या होत्या. चहूकडे जपानी पद्धतीचे चौकोनी दगड. मातीचा उंचवटा कुठेच नाही. आम्ही फटींतलं गवत उपटलं. हाल्मोनींनी दगडापुढे नासपती, भात आणि तळलेला मासा मांडला, पेल्यातली दारू जमिनीवर ओतली आणि मला धरून धरून कशाबशा वाकल्या. मग मूठ-मूठ माती गोळा करून दगडाच्या पायथ्याशी पालथ्या वाटीएवढा उंचवटा थापला.

"तुझ्या वडिलांचं थडगं कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

बाबा आम्ही सेंदाईला आल्यावर वारले होते. विमान मिळून पुण्याला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. "आमच्यात थडगं नसतं," मी म्हटलं. "अस्थी नदीत सोडल्या. मी नव्हते तेव्हा."

त्यांचा हात मातीवरच थांबला. "मग तू गवत कुणाचं कापतेस?"

 माझे डोळे भरून आले आणि परक्या बाईच्या थडग्यापाशी मी बाबांसाठी पहिल्यांदा मनसोक्त रडले. हाल्मोनींनी समजूत घातली नाही. नासपती सोलली, अर्धी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "त्यांना काय आवडायचं, सांग."

मी सांगत राहिले. शेवेची भाजी, सायीचं दही, रविवारी लांबवलेला चहा. दोन बस गेल्या, तरी आम्ही उठलो नाही.

आता आम्ही टोकियोतल्या एदोगावात राहतो. माझी मुलगी माझ्याशी जपानीतच बोलते. हाल्मोनींनी दुकान बंद केलं, पण मध्यंतरी आलेल्या अधिक महिन्यात दुसरा जोड शिवून पूर्ण केला. दोरे कुणी ओवून दिले, असं मी फोनवर विचारलं, तर म्हणाल्या, "मुलीनं. टोकियोहून दर शनिवारी यायची. आधी कुरकुरली, मग स्वतःच्या मापाचं कापड मागायला लागली."