वालूरच्या माकडिणीचा दहावा

मी लॅबोरेटरीत आयुष्य काढलेला माणूस. भुताखेतांचा विषय निघाला की मी चहा अर्धा टाकून उठतो, हे आमच्या घरी सगळ्यांना ठाऊक आहे. तरी हे लिहायला बसलोय... कारण आता पोटात राहत नाही.

निजामाच्या राजवटीतली गोष्ट. हैदराबादहून एक डॉक्टरसाहेब सेलूच्या दवाखान्यात आले होते आणि मी त्यांचा असिस्टंट. लाल तोंडाच्या माकडांच्या ओठांत, जिभेवर बारीक फोड येतात. माकडाला त्याचं फारसं काही होत नाही, पण तेच माकड चावलं तर रोग मेंदूत चढून माणूस दगावू शकतो. या रोगाचा विषाणू माकडांत मुळातच असतो का, हे साहेबांना शोधायचं होतं. तसली फोडवाली माकडीण मला माझ्याच गावात, वालूरला, मारुतीच्या पारावर दिसली. गूळ-शेंगदाणे दाखवून मीच तिला पिंजऱ्यात घेतलं. थोड्याच दिवसांत ती मेली.

आमच्याकडे माकड मेलं की माणसासारखं सगळं करतात. माझे चुलते तात्या — त्यांनीच मला लहानाचं मोठं केलं — तिला न्यायला सेलूच्या दवाखान्यात आले.

"आख्खी हाय न्हवं रं? कापाकापी केली न्हाईस ना?"

"न्हाई, तात्या."

तिच्या डोक्याला मी पांढरं फडकं गुंडाळलं होतं. मेंदू शेजारच्या खोलीत बरणीत होता.

तात्यांनी तिच्यासाठी मिशा काढल्या, हो! दहाव्याला नदीवर पिंड ठेवला, तर झाडावर कावळेच कावळे, पण एकही शिवेना. "गूळ ठिवा," कुणी म्हणालं. "तिचं पिल्लू आसंल तर सांभाळतो म्हना," दुसरं कुणी. सगळं म्हणून झालं. ऊन कललं तरी तात्या उपाशीच बसून.

"ती जेवल्याबिगर मी पानी पिनार न्हाई. काय राह्यलं आसंल रं तिचं?"

काय राहिलं होतं ते मला ठाऊक होतं. म्हाताऱ्याचे सुकलेले ओठ बघवेनात. हात जोडले आणि मनातल्या मनात म्हणालो, "माय, तुझं तुला आणून देतो." वाक्य पुरं होतंय न होतंय तोच कावळा उतरला!

तात्या ढसाढसा रडले. मला जवळ घेऊन म्हणाले, "लय माया होती बग तिची तुज्यावर."

योगायोग म्हणा... दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही तेच म्हणालो असतो. पण मला झोपू देत नाही ते वेगळंच आहे. बरणी आदल्या दिवशीच मी स्वतः सेलू स्टेशनावर हैदराबादच्या गाडीत चढवली होती. ती परत येणार नाही, हे हात जोडतानाही मला माहीत होतं.

पारावर गूळ दाखवला तेव्हा ठेवला होता, तसाच तिनं पुन्हा माझ्यावर विश्वास ठेवला.